त्या रविवारची साक्ष

१९ मे २०२४
रविवार, दुपार

नंदिनीस,

धुरपताचा सलाम. घेतला तर घे, नाई तर दारातच राहू दे. सासू म्हणून लिहू का कोण म्हणून लिहू हे मले समजून नाई राह्यलं, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

सहा आठवडे झाले. तू माझा नंबर बंद केला. गिरजाबाईच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज आयकला आन कट केला. म्हणून हा कागद. रोशनच्या हाती देत नाई, पोस्टात टाकते. तो वाचन, आन त्याचं मन आधीच ठिकाणावर नाई.

एक सांग मले. मी असं काय पाप केलं?

तुझी माय गेली. वाघानं नेली. तुले आन आयुषले सासरी पोचवाले म्हणून माझ्या घरी आलेली बाई, पाच एप्रिलच्या सकाळी मोहफुलं येचाले गेली आन परत आली नाई. त्याचं दुःख मले नाई असं वाटते का तुले? विहीण होती माझी. एका ताटात जेवलो नाई, पण एका चुलीपुढं बसलो. जेवाच्या आंधी आम्ही डोळे मिटून प्रार्थना करतो, तर ते पण भात पुढं ठेवून गुमान थांबून राहे. एक दिवस म्हणली, "विहीणबाई, तुमचा देव जेवाच्या आंधीच बोलणं आयकते. आमचा बिचारा ढेकर आयकून समजते." कशी हासलो होतो त्या दिवशी! तुले आठवते ना?

पण त्या सकाळी माझा रोशन तिच्यासंगं होता. दोघं एकाच झाडाखाली होते. दोघातलं एक घरी आलं, आन जे आलं ते माझ्या पोटचं होतं. मग रविवारी चर्चमध्ये उभी राहून मी देवाचे उपकार मानले तर काय चुकलं? कोणती माय मानणार नाई?

आमची रीत तुले ठाऊक आहे. दोन वर्षं झाली तुमच्या लग्नाले. देव तुमच्या घरचे वेगळे होते, तरी तू दर रविवारी माझ्यासंगं सतरंजीवर येऊन बसली, हे मी कुणापाशी नाकारत नाई. गाणं झालं का पाळकबाबा विचारतात, कोणाले उपकारस्तुती कराची आहे? ज्याच्या मनात असन तो उठते, आठवडाभरात देवानं काय भलं केलं ते साऱ्यांपुढं सांगते, आन मंडळी आमेन म्हणते. एकतीस वर्षांत मी एक रविवार सोडला नाई. गाय व्याली तरी उठली, ताप उतरला तरी उठली. रोशनचा बाप गेला त्या रविवारी पण उठली, आन तो तळमळला नाई, झोपेत गेला, याचे उपकार मानले. तूच मले चिडवत होती, "आई, देवाले तुमचा आवाज पाठ झाला असन."

मग त्या रविवारी काऊन उठून गेली? आयुषले काखेत मारलं आन चपला न घालता भरउन्हात चालली गेली. साऱ्या बाया पाहत होत्या. मले किती खाली पाहावं लागलं! एखादा शब्द माझा मागंपुढं झाला असन. जिभेले हाड नसते. त्याचा इतका डोंगर कराचा का?

घरी ये. आयुष आता बसाले लागला असन. मी त्याले पाहू नाई का?

धुरपता


३० जून २०२४

नंदिनी,

तुझ्या भावानं, अजयनं, लोणच्याची बरणी जशीच्या तशी परत पाठवली. झाकण पण उघडलं नाई. ठीक आहे. लोणच्यानं काय बिघडवलं होतं त्याचं?

रोशन काल वडशावरून, तुझ्या माहेरून आला. त्याले म्हणली, पोरगा कसा आहे ते तरी सांग. म्हणे, "दोन दात आले." बस. इतकंच. आता तो असाच बोलते, जसं काही शब्दाले रेशन लागलं आहे. जेवाले बसला का डोळे मिटत नाई, सरळ घास घेते. चर्चात येत नाई. मी काही म्हणत नाई. पहिले म्हणत होती, तर तो ताट सोडून उठाले लागला.

एक गोष्ट मात्र त्याच्या तोंडून निघाली. तू त्याले म्हणते म्हणे, "इथीच राहा, अजय राईस मिलमध्ये लावून देईन." आता कान उघडून आयक. माझा एकुलता एक लेक आहे. तीन एकराची बांधी आहे, धानाचा रोवणा तोंडावर आहे, माझे गुडघे गेले. त्याच्या बापाच्या मागं मी त्याच्या तोंडाकडं पाहून नऊ वर्षं काढली. तुले यावंसं वाटलं तर ये, नाई वाटलं तर नको येऊ, पण माझा पोरगा माझ्यापासून तोडू नको. त्याले मी शपथ घातली आहे का दोन दिवसांच्या वर तिथी राहाचं नाई. तो राहणार नाई.

रागात लिहिलं. खोडत नाई.

दुसरं पण सांगाचं होतं. मागच्या रविवारी पाळकबाबानं विचारलं आन मी सवयीनं उभी झाली. पाऊस वेळेवर आला याचे उपकार मानाचे होते, बाकी काही नाई. तर साऱ्यांनी नजर खाली घातली. बाया सतरंजीचे धागे उपसत बसल्या. गिरजाबाईनं माझा पदर ओढला आन हळूच म्हणली, "बस ना धुरपता. राहू दे आज."

मी बसली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा न बोलता बसली. घरी आल्यावर गिरजाबाईले विचाराले जाणार होती का काऊन ओढला पदर. गेली नाई. मले ठाऊक होतं.

धुरपता


११ ऑगस्ट २०२४

नंदिनी बाई,

आज जे झालं ते तुले सांगितल्याशिवाय मले राहवणार नाई. तू वाचते का फाडते ते ठाऊक नाई. वाचत असशील असं समजून लिहिते.

गुरुवारी इथी वीज पडली. कोलूचा बैल गेला, बोडीच्या तळ्याच्या पाळीवर, उभ्याचा उभा. शेजारीच दसरूची जोडी चरत होती, तिले काही झालं नाई. आज चर्चात दसरू उठला. म्हणे, "देवाचे उपकार, का त्यानं माझ्या जनावरावर आपला हात ठेवला." मंडळी आमेन म्हणली. मी पण म्हणाले तोंड उघडलं. तर मागं दाराजवळ कोलू बसला होता. खाली पाहून पायाच्या अंगठ्याची माती काढत होता. मनात आलं, मग कोलूच्या बैलावर देवानं काऊन हात ठेवला नाई? त्याच्या हाताले जागा कमी पडली का?

बाप्पा! मी कानावर हात ठेवले. दसरूचं बोलणं मी तुझ्या कानानं आयकलं, नंदिनी.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, एखादा शब्द मागंपुढं झाला असन. खोटं लिहिलं. एक शब्द नव्हता तो. मी काय बोलली ते मले आजही तोंडपाठ आहे. लिहिते. आधी तुले कोणी विचारलं का काय बोलली सासू, तर तुले ते आपल्या तोंडानं सांगावं लागत असन. आता हा कागद दाखव.

उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेले, पाळकबाबानं शास्त्रातली त्या बापाची गोष्ट सांगितली होती. तो बाप आपल्या लेकराले डोंगरावर बळी द्याले नेते, आन शेवटल्या घडीले देव त्याचा हात धरते. झुडपात शिंगं अडकलेला एक एडका दिसते. मग लेकरू सुटते आन त्याच्या जागी एडका जाते. ते गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. पुढच्याच शुक्रवारी तुझी माय गेली. आन त्या रविवारी मी उठली, दोन्ही हात वर केले, आन म्हणली:

"प्रभूचे उपकार. त्यानं माझं लेकरू मले परत देलं. माझ्या लेकराच्या जागी त्यानं झुडपात दुसरं ठेवलं होतं."

हेच बोलली. साऱ्यांनी आमेन म्हणलं. तू माझ्यापासून दोन हातावर, आयुषले पाजत बसली होती. तुझ्या मायले जाऊन दोन दिवस झाले होते. जे भेटलं होतं त्याले शनिवारी तुमच्या गावी अग्नी देला होता, आन तू रविवारी सकाळी परत आली, कारण रोशन थरथरत होता आन त्याले सोडून तुले राहवलं नाई. माझ्या लेकरासाठी आली होती तू. आन मी तुझ्या मायले एडका म्हणली.

तू फक्त एक वाक्य बोलली, "आई, ते माझी माय होती." आन गेली. ते वाक्य मी चार महिने कोणापाशी काढलं नाई. गिरजाबाईले सांगताना पण म्हणली, "काही न बोलता गेली पोरगी."

रोवणा झाला. धानाचे पऱ्हे चांगले लागले. रोशन ठीक आहे, पण वाळला आहे.

धुरपता


२९ सप्टेंबर २०२४

नंदिनी,

एक राह्यलं आहे. मागच्या पत्रात सारं सांगितलं असं तुले वाटलं असन. मले पण तसंच वाटाले लागलं होतं. दोन-चार दिवस जीव हलका झाला, आन मग पुन्हा भाताचा घास उतरेना.

तुझी माय मोह येचाले जाणार नव्हती. तिची थैली भरून ओसरीत ठेवली होती. शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं ते वडशाले जाणार होती. हे तुले ठाऊक आहे. तुले हे ठाऊक नाई का ते थांबली कशी. तू तिले विचारलं होतं, तर ते म्हणली, "मलेच हौस आली." तिनं माझं नाव सांगितलं नाई.

मी थांबवलं तिले. गुरुवारी सांजेले गार्डबाबू सांगून गेला होता, आमच्या बाजूच्या जंगलात वाघीण फिरून राह्यली, मोहाले जाऊ नका, आन गेलेच तर एकटे जाऊ नका. मी पंधरा दिवस रोशनसंगं जातच होती. त्या दिवशी गुडघा सुजला. रोशनले म्हणली, नको जाऊ. तो म्हणे, "फुलं खाली पडून राह्यले, हरणं खाऊन जातीन. मी एकटा जातो." आन तिथीच तुझी माय बसली होती, पोराच्या पायाले तेल लावत.

मी म्हणली, "विहीणबाई, एक दिवस राहून जा ना. रोशनसंगं गेल्या तर बसल्या बसल्या दोन टोपल्या होऊन जाईन."

ते हासली. म्हणली, "पाहुणी म्हणून आली आन मजूर झाली! कशाचं काय आन फाटक्यात पाय." पण पदर खोचला. नाई म्हणणं तिले येतच नव्हतं.

टोपल्यांचं मी उगीच बोलली, नंदिनी. मले टोपल्या नव्हत्या पाहिजे. मले माझ्या पोरासंगं कोणीतरी पाहिजे होतं. एकटा जाऊ नये म्हणून. कोणी संगं असलं तर... यापुढचं मी त्या वेळी मनात पुरं केलं नाई. खरंच केलं नाई. पण वाक्य तिथीच होतं. गार्डबाबूनं दोघं जा म्हणलं ते एकमेकाचं रक्षण व्हावं म्हणून. मी तुझ्या मायच्या रक्षणाचा विचारच केला नव्हता.

ते गेल्यावर मी चुलीपुढं बसून प्रार्थना केली. "प्रभू, माझ्या लेकराले सांभाळ." माझ्या लेकराले. दोन माणसं गेली होती, आन मी एकाचंच नाव घेतलं. मग रविवारी उठून सांगत होती, देवानं माझी प्रार्थना आयकली! देवानं आयकली का नाई मले ठाऊक नाई. पण मी काय मागितलं होतं ते मले आता आयकू येते.

आन सारं कबूल करून राह्यली तर हे पण करते. सांजेले सायकल आंगणात टेकल्याचा आवाज आला का आजही माझ्या पोटातून उपकार वर येतात. मी बोलाच्या आंधीच येतात. मी ते गिळून घेते. पण येतात. त्याले मी काय करू? लेकरू जिवंत आहे याचा आनंद मले होते, आन त्या आनंदाची मले लाज वाटते. कोणाले विचारू? पाळकबाबा पोरगाच आहे, त्याचं लग्न मागच्या वर्षी झालं.

आयुष उभा राहते का धरून?

धुरपता


२४ नोव्हेंबर २०२४

नंदिनी,

धान कापून झाला. परवा आम्ही दोघं भारे बांधत होतो, जंगलाकडच्या बांधीत. मी वाकून पेंढ्या गोळा करून राह्यली होती. एकदम रोशन असा ओरडला, असा ओरडला का माझ्या हातातला इळा पडला. "आई, उभी राय! उभी राय म्हणतो ना!"

मी उभी झाली. इकडं तिकडं पाह्यलं. काही नव्हतं, धुऱ्यावर दोन बगळे होते. तो धुऱ्यावर बसला आन लहान पोरासारखा रडाले लागला. सात महिन्यांत पहिल्यांदा रडला. मी जवळ जाऊन बसली. पाठीवर हात ठेवाची पण हिंमत झाली नाई.

मग त्यानं सांगितलं. सकाळपासून वाकून त्याची पाठ भरून आली होती. तुझी माय म्हणली, "जवाई, थकले तुम्ही. उभे राहा घडीभर, आंग मोडा. तुमच्या वाटचं मी येचते." हा उभा झाला, हात वर केले. ते याच्या जागेवर सरकली आन वाकली. तेवढ्यातच. रोशन म्हणे, "मी उभा होतो म्हणून माणूस दिसलो. सासूमामी वाकली होती म्हणून जनावर दिसली. दुसरं काही नाई, आई. तिथी देव नव्हता निवड करत. मामीले माझी पाठ दुखते हे दिसलं, इतकंच."

मी म्हणली, "सात महिने काऊन सांगितलं नाई मले?"

तो म्हणे, "तू याची पण साक्ष केली असती."

मले एखाद्यानं तोंडावर मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग विचारलं, "नंदिनीले?"

"तिले त्याच दिवशी सांगितलं."

म्हणजे तुले ठाऊक होतं. त्या रविवारी सतरंजीवर बसली तेव्हा तुले ठाऊक होतं का तुझ्या मायचा शेवटला शब्द माझ्या लेकराच्या पाठीसाठी होता. उभे राहा, आंग मोडा. ते मनात घेऊन तू चूप बसली होती, आन मी उठून हात वर करून सांगत होती झुडपात कोण ठेवलं होतं.

पोरी, तू नुसती उठून गेली. मी तुझ्या जागी असती तर चर्चच्या छपराचे कवेलू खाली आणले असते.

मी किती वस्तूंचे उपकार मानले आतापर्यंत! गाईचे, विहिरीचे, पावसाचे, पोटदुखी थांबली त्याचे. एका बाईनं माझ्या लेकराचा भार आपल्या पाठीवर घेतला, आन तिचं नाव मी चर्चात एकदाही घेतलं नाई. एकदाही नाई.

दोन आठवड्यांनी हंगामाची उपकारस्तुती आहे. पहिली पेंढी वेदीपुढं ठेवाची असते. मी नेणार का नाई, अजून ठरलं नाई.

धुरपता


८ डिसेंबर २०२४
रविवार, दिवे लागले

नंदिनी बाई,

पेंढी नेली. दसरूचं कोहळं होतं, गिरजाबाईची कोंबडी होती, पोरं कोंबडीकडं पाहून हासत होते. दरवर्षीसारखंच. कोलूनं पण मूठभर लाखोळीची डाळ आणली होती. बैल नाई, पण लाखोळी आणली. मी त्याच्याकडं पाहतच राह्यली.

पाळकबाबानं विचारलं, कोणाले उपकारस्तुती कराची आहे? मी उठली. गिरजाबाईचा हात पदराकडं आला. मी तिचा हात धरला आन सोडवला.

काय बोलली ते जसंच्या तसं लिहिते, का तुले दुसऱ्याच्या तोंडून वेगळं आयकाले नको यावं. मी म्हणली:

"मी आज उपकार मानाले उभी नाई. एप्रिलमध्ये याच जागी मी साक्ष देली होती. ते खोटी होती. रोशनसंगं जे बाई होती तिचं नाव रंभा. ते माझी विहीण. तिले जंगलात मी पाठवलं, माझा पोरगा एकटा जाऊ नये म्हणून. गार्डबाबूनं नको म्हणलं होतं, तरी पाठवलं. तिनं माझ्या पोराले आराम देला आन त्याचं काम आपण कराले घेतलं, तेव्हा वाघानं तिले नेलं. देवानं तिले तिथी ठेवलं नव्हतं. मी ठेवलं होतं. तिच्या मरणाचं काम मी देवाच्या माथी मारलं आन वरून त्याचे उपकार मानले. तिच्या पोरीपुढं मानले. ज्यांची माफी मागाची ते दोघी इथी नाई, म्हणून तुमच्यापुढं सांगते. आमेन म्हणू नका."

तरी मागून पत्रूबुढा सवयीनं "आमेन" म्हणलाच! त्याले आयकू येत नाई ना. दुसऱ्या वेळी मले हासू आलं असतं.

मग पाळकबाबा वेदीवरून खाली उतरून माझ्याजवळ आला. पोरगाच आहे. त्याचे डोळे भरून आले होते. साऱ्यांपुढं म्हणला, "बाई, त्या दिवशी मी पण आमेन म्हणलो होतो. तुम्ही काय बोलल्या ते मले समजलं होतं, तरी म्हणलो." मग कोलू उभा झाला, नुसता उभा राह्यला. मग गिरजाबाई. मग एक एक करत सारे. तुझ्या मायसाठी उभे राह्यले, नंदिनी. गाणं झालं नाई. असं कधी झालं नव्हतं आमच्या चर्चात.

याच्यानं तुझी माय परत येत नाई. मले माहीत आहे. तू मले माफ कर म्हणून हे लिहून नाई राह्यली. घरी ये असं पण आता म्हणत नाई. जिथून तुझी माय गेली त्या घराच्या ओसरीत तू पोराले तेल लावत बसावं, हे मागाचं तोंड मले नाई.

उपकार मानणं मी सोडलं नाई. प्रयत्न केला, जमत नाई, आंगात भिनलं आहे. पण आता माणसांपासून सुरू करते. सकाळी तुझ्या मायचं नाव घेते. मग तुझं घेते, का त्या रविवारी तू रोशनसाठी परत आली. मग देवाकडं वळते, तर बहुतेक वेळा तिथपर्यंत पोचत नाई, रडूच येते. तो समजून घेईन. नाई घेतलं तरी मले तक्रार नाई.

आता खरं काम सांगते. हे पत्र पोस्टात नाई टाकलं. ज्यानं तुझ्या हाती देलं तोच माझा कागद आन तोच माझा निरोप. गोंदानं चिकटवलं आहे, त्यानं उघडलं नसन, तसा तो नाई.

आज जेवताना मी त्याले म्हणली, तुले घातलेली शपथ मी परत घेते, तू तिथीच राहा, राईस मिलमध्ये लाग. तो म्हणे, "तुले सोडून मी जात नाई, आई. त्या गोष्टीचं नावच काढू नको." म्हणून पुन्हा नाव काढलं नाई. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन ये म्हणली, नवा तांदूळ देऊन ये, नेहमीसारखा दोन दिवस. तो हो म्हणला.

बांधी दसरू अर्ध्यानं करन, बोलणं झालं आहे. माझ्यासंगं गिरजाबाईची दिव्यानी झोपाले येईन, तिले दहावीचा अभ्यास कराले आमच्या घरी शांती भेटते. माझी काळजी करू नका. तो विचारल्याशिवाय राहणार नाई, आई एकटी कशी राहीन म्हणून. त्याले सांग का आईनंच लिहिलं आहे. हे अक्षर दाखव.

तो दुसऱ्यांदा भात मागत नाई, तुले ठाऊकच आहे. वाढत जा. वाकून काम करत असला आन मधातच उभा झाला, तर काऊन उभा झाला म्हणून विचारू नको.

तांदळाच्या थैलीत वर तांदूळ आहे. खाली त्याचे सारे कपडे आहेत, थंडीचं स्वेटर पण. त्याले माहीत नाई. तो दोन दिवसांसाठी आलो असं समजून राह्यला.

त्याले परत पाठवू नको.

धुरपता